उघडे इश्यू साडेतीनशे, मेंटेनर तिघं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मराठी टायपिंगचा कीबोर्ड आणि त्याला जोडून शुद्धलेखन तपासणारं एक छोटं ॲप, मुक्तस्रोत. सांभाळणारे तिघं, तिघंही नोकरी करून उरलेल्या वेळात. गिटहबवर (कोड आणि त्याबद्दलच्या नोंदी ठेवायची वेबसाइट) साडेतीनशेच्या आसपास इश्यू, म्हणजे नोंदी, उघडे. त्यात बग आहेत, ‘हे पण द्या ना’ छापाच्या मागण्या आहेत आणि तुम्ही स्वतःसाठी टिपून ठेवलेली कामंही आहेत. वर व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज नवी तक्रार. लेबलं कोणती लावावी, जुने इश्यू सरसकट बंद करावे का, आणि गिटहब सोडून दुसरा ट्रॅकर (नोंदी सांभाळणारं साधन) घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय.

ट्रॅकर बदलू नका. का ते शेवटी सांगतो. लेबलांकडे यायच्या आधी, या एकाच यादीत तीन निरनिराळ्या जातीच्या गोष्टी कोंबल्या आहेत तिकडे बघू.

बग म्हणजे एक विधान असतं. ‘अमुक टाइप केलं की तमुक दिसतं, ते चुकीचं आहे.’ ते खरं की खोटं हे तपासून ठरवता येतं. मागणीचं तसं नाही. ‘ॲपमध्ये अंधारी थीम हवी’ हे खरंही नसतं आणि खोटंही नसतं. त्यावर कुणीतरी निर्णय घ्यावा लागतो. आणि काम म्हणजे कुणीतरी दिलेला शब्द. त्याच्यापुढे माणसाचं नाव नसेल तर ते काम नव्हे, नुसती इच्छा. तिन्ही संपतात तीन तऱ्हांनी. बग पुन्हा होईनासा झाला की संपतो. मागणीवर हो किंवा नाही म्हटलं की ती संपते, मग सोय प्रत्यक्ष बनो वा न बनो. काम ते करणाऱ्याने उरकलं किंवा सोडलं की संपतं. तिन्हींना ‘इश्यू उघडा’ आणि ‘इश्यू बंद’ एवढीच दोन बटणं दिली, की मागण्या वर्षानुवर्षं उघड्या राहतात. निर्णय कुणालाच घ्यायचा नसतो आणि बंद करणं उद्धटपणाचं वाटतं.

याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या लाँचपॅड नावाच्या ट्रॅकरवरचा बग क्रमांक १. उबुंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी तो ऑगस्ट २००४मध्ये स्वतः नोंदवला. आशय असा की बाजारातला बहुतांश वाटा मायक्रोसॉफ्टकडे आहे, हाच दोष. घोषणा म्हणून झकास. पण बग म्हणून तो कुणाला ‘घेता’ येणार, आणि दुरुस्त झाला हे कोण तपासणार? लोक गंमत म्हणून तिथे टिप्पण्या टाकत राहिले. मे २०१३मध्ये शटलवर्थ यांनीच तो बंद केला. तोवर फोन आणि टॅब्लेटमुळे बाजाराचं चित्रच पालटलं होतं. त्यांना ही चैन परवडली. तुमच्या यादीत ‘ॲप वेगवान करा’ नावाचे इश्यू असतील तर ते याच जातीचे आहेत.

आता मुख्य मुद्दा. मी कुठल्याही ट्रॅकरमध्ये शिरलो की प्रत्येक इश्यूला एकच प्रश्न विचारतो: आता पाळी कोणाची? नोंदवणाऱ्याची, मेंटेनरची, येईल त्या कुणाचीही, की अमुक एका माणसाची? ज्या इश्यूला याचं उत्तर नाही तो कुजतो. लेबलांचे रंग, गंभीरतेचे आकडे, स्प्रिंटचे बोर्ड हे सगळं त्यानंतरचं.

मोठे प्रकल्प हेच करतात, फक्त नावं निराळी. जँगो या वेबसाइट बांधायच्या चौकटीच्या ‘ट्रॅक’ नावाच्या ट्रॅकरवर नवं तिकीट (नोंद) ‘अनरिव्ह्यूड’ असतं: पाळी तपासणाऱ्यांची. ‘ॲक्सेप्टेड’ झालं की पाळी कुणाचीही. आणि जँगोवाले स्वीकारण्याचा अर्थ बजावून सांगतात: मुद्दा रास्त आहे एवढंच, कुणी करून देणार आहे असं नव्हे. पॅच (दुरुस्तीचा कोड) आल्यावर ‘रेडी फॉर चेकइन’ हा शेरा पॅच लिहिणाऱ्याने स्वतः मारायचा नाही, दुसऱ्या कुणी तपासून मारायचा. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या पुल रिक्वेस्टवर (‘माझा बदल सामावून घ्या’ ही विनंती) तर पाळीच लेबल होऊन बसली आहे: ‘एस-वेटिंग-ऑन-रिव्ह्यू’ आणि ‘एस-वेटिंग-ऑन-ऑथर’. लेबल बदललं की पाळी बदलली. डेबियन या लिनक्स प्रणालीत ‘मोअरइन्फो’ टॅग लागला की नोंदवणाऱ्याने माहिती दिल्याशिवाय गाडी पुढे हलत नाही, आणि पुरेसा काळ उत्तर आलं नाही तर बग बंद होऊ शकतो.

तुमच्यासाठी मी चारच अवस्था ठेवीन. ‘नवा’: पाळी तुम्हा तिघांची. ‘माहिती हवी’: पाळी नोंदवणाऱ्याची. ‘पक्का’: आम्ही तपासलं, खरं आहे, कुणीही हात घालावा. ‘घेतला’: पुढे एका माणसाचं नाव. त्याशिवाय बग, मागणी आणि काम ही तीन जातींची लेबलं. इथेच थांबा. ‘सोपं’, ‘मध्यम’, ‘यूआय’, ‘अँड्रॉइड १४’ ही लेबलं यादी छाटताना खरोखर कामी आली तरच वाढवा. रस्टला ‘ए-’, ‘सी-’, ‘ई-’, ‘पी-’, ‘टी-’ अशी आद्याक्षरांची लेबलं परवडतात, कारण तिथे वेगवेगळ्या टीम वेगवेगळ्या अक्षरांवरून आपापली यादी काढतात. तिघांना तीन टीम नसतात.

प्राधान्याबद्दल माझं मत जरा कडू आहे. छोट्या प्रकल्पांत ‘हाय प्रायोरिटी’ हे लेबल बहुतेकदा खोटं असतं. लावणाऱ्याला बरं वाटतं, पण त्याने काहीच अडत नाही. डेबियनकडे बघा. तिथली बग नोंदवायची व्यवस्था इयन जॅक्सन यांनी १९९४मध्ये सुरू केली आणि आजही ती ईमेलवर चालते. गंभीरतेच्या सात पायऱ्या आहेत: क्रिटिकल, ग्रेव्ह, सीरियस, इम्पॉर्टंट, नॉर्मल, मायनर आणि विशलिस्ट. पहिल्या तीन पायऱ्यांवरचे बग ‘रिलीज अडवणारे’ मानले जातात. त्यांची दखल घेतली नाही तर पॅकेज ‘टेस्टिंग’मधून, म्हणजे पुढच्या आवृत्तीच्या तयारीतून, सहसा आपोआप बाहेर काढलं जातं. म्हणजे शब्दामागे परिणाम आहे. शिवाय पायरी ठरते ती बगने काय नुकसान होतं त्यावरून. डेटा जातो, सुरक्षेला भोक पडतं, पॅकेज वापरताच येत नाही, अशा व्याख्या दिलेल्या आहेत. नोंदवणारा किती चिडलाय याचा संबंध नाही.

तुम्ही सात पायऱ्या ठेवू नका, एकच ठेवा: ‘रिलीज अडवणारा’. कीबोर्डच्या बाबतीत व्याख्या सोपी आहे. टाइप केलेलं नाहीसं होणं, टाइप केलं त्यापेक्षा वेगळं अक्षर साठवलं जाणं, ॲप कोसळणं, आणि टाइप केलेला मजकूर फोनबाहेर जाणं. हे लेबल लागलेला एकही इश्यू उघडा असेल तर नवी आवृत्ती निघणार नाही, असं लिहून ठेवा आणि पाळा. पाळणार नसाल तर लेबलच ठेवू नका.

आता बगच्या नोंदीकडे येतो. देवनागरीच्या बाबतीत इथे निम्मा वेळ वाया जातो, म्हणून जरा रेंगाळतो.

‘जोडाक्षर तुटतंय’ ही नोंद घ्या. सोबत स्क्रीनशॉट. यावरून काहीच ठरवता येत नाही, कारण पडद्यावर जोडाक्षर उमटायला किमान चार जणांचा हात लागतो. कीबोर्ड युनिकोडची अक्षरं पाठवतो, ॲप ती साठवतं, अक्षरांची जुळणी करणारं इंजिन (फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिब्रेऑफिस या सगळ्यांत ते हार्फबझ आहे) त्यांची आकृत्यांशी सांगड घालतं, आणि आकृत्या पुरवतो फाँट. चूक चौघांपैकी कुणाचीही असू शकते.

दऱ्याखोऱ्यांतला ‘दऱ्या’ घ्या. तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एक, ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग य. दुसरी तऱ्हा, साधा र, हलन्त, मग झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं चिन्ह, मग य. दिसायला दोन्ही सारखेच. पण एखाद्या वेबसाइटने किंवा डेटाबेसने ते अदृश्य चिन्ह ‘स्वच्छतेसाठी’ काढून टाकलं की दुसऱ्या तऱ्हेच्या ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. डोंगरातून थेट समुद्रात. त्याहून वाईट म्हणजे शोध. एका तऱ्हेने लिहिलेला शब्द दुसऱ्या तऱ्हेने शोधला तर सापडत नाही, आणि शुद्धलेखन तपासणारा बरोबर शब्दाखाली लाल रेघ ओढतो. स्क्रीनशॉटमध्ये यातलं काहीही दिसणार नाही.

म्हणून तुमच्या नोंदीच्या टेम्पलेटमध्ये पहिली मागणी अशी असावी: जो शब्द चुकतोय तो चित्राच्या रूपात नाही, मजकुराच्या रूपात इथे चिकटवा. चित्र द्यायचं तर सोबत द्या. मग: काय दिसायला हवं होतं, कोणत्या ॲपमध्ये दिसलं, फोन आणि अँड्रॉइडची आवृत्ती, आपल्या कीबोर्डची आवृत्ती. एवढंच. टेम्पलेट पानभर झालं की लोक ते पुसून ‘चालत नाहीये’ एवढंच लिहितात.

ठिकाण हुडकायची युक्तीही टेम्पलेटमध्येच घाला: तोच मजकूर दुसऱ्या ॲपमध्ये आणि दुसऱ्या फाँटमध्ये चिकटवून बघा. सगळ्या ॲपांत, पण एकाच फाँटमध्ये तुटत असेल तर फाँटवर संशय. एकाच ॲपमध्ये, पण सगळ्या फाँटांत तुटत असेल तर ते ॲप. सगळीकडेच तुटत असेल तर बहुधा आपणच चुकीची अक्षरं पाठवतोय. मेंटेनरला यापुढे जायचं असेल तर हार्फबझसोबत येणारं एचबी-शेप हे साधन आहे. त्याला फाँट आणि मजकूर दिला की कोणत्या आकृत्या निवडल्या गेल्या ते छापून देतं. हा छापील पुरावा नोंदीला जोडला की फाँटवाल्यांशी वाद घालावा लागत नाही.

आणखी एक नेहमीची तक्रार: ‘श आणि ल हिंदीसारखे दिसतात.’ काही फाँटांत मराठी वळणाचे श आणि ल असतात, पण मजकूर मराठी भाषेचा आहे असं ॲपने किंवा वेबपानाने जाहीर केलं तरच ते निवडले जातात. म्हणजे फाँट निर्दोष, कीबोर्डही निर्दोष, आणि बग खरा. अशा वेळी ‘आमचा दोष नाही’ म्हणून बंद करू नका. ज्याचा आहे त्याच्याकडे नोंदवा, दुवा आपल्या इश्यूत टाका आणि पाळी तिकडे गेली असं लिहा. डेबियनमध्ये याला ‘फॉरवर्डेड’ म्हणतात. बग मूळ प्रकल्पाकडे पाठवला तरी डेबियनची स्वतःची नोंद उघडीच राहते, कारण तिथल्या वापरणाऱ्याचा त्रास संपलेला नसतो. तुम्हीही इथे ‘बाहेर पाठवला’ अशी पाचवी अवस्था ठेवू शकता. मघाशी चारच म्हटलं होतं, पण मराठीच्या प्रकल्पाला ही लागतेच.

याच ओघात: नोंदी मराठीत येऊ द्या. इंग्रजीत लिहा असं सांगितलं की साताऱ्याची शिक्षिका किंवा तहसील कार्यालयातला कारकून लिहीतच नाही, आणि नेमका तोच माणूस दिवसभर तुमचा कीबोर्ड बडवत असतो. बग बाहेर पाठवायचा झाला तर त्याचं इंग्रजी तुम्ही करा.

माहिती मागितली आणि उत्तर आलं नाही तर? महिनाभर थांबा, मग बंद करा आणि लिहा की माहिती मिळाल्यावर पुन्हा उघडू. यात अपमान काही नाही. लिब्रेऑफिसमध्ये ‘नीडइन्फो’त पडून राहिलेले बग अपुरी माहिती म्हणून असेच बंद होतात.

पण इथे एक सापळा आहे. बरेच प्रकल्प ‘स्टेल’ बॉट लावतात: इतके दिवस हालचाल नाही, तर इश्यू बंद. कुबरनेटीस या सर्व्हर सांभाळायच्या प्रणालीचं गणित प्रसिद्ध आहे. ९० दिवस शांतता असेल तर ‘स्टेल’, आणखी ३० दिवसांनी ‘रॉटन’, त्यानंतर ३० दिवसांनी बंद. तिथे येणाऱ्या इश्यूंचा पूर बघता त्यांची अडचण समजते, आणि इश्यू वाचवायचा तर ‘लाइफसायकल फ्रोझन’ या लेबलची सोय त्यांनी ठेवली आहे. तरी परिणाम असा होतो की माणसं दर तीन महिन्यांनी येऊन ‘अजून होतंय’ एवढंच लिहून जातात आणि धागा निरर्थक टिप्पण्यांनी भरतो. तुमच्या प्रकल्पात तर हा बॉट सरळ अन्याय करील. एखाद्याने नीट, पुराव्यासकट बग दिला, पाळी तुमची होती, तुम्ही सहा महिने बघितलं नाही, आणि बॉटने त्याला सांगितलं की तुमची नोंद शिळी झाली. तो माणूस पुन्हा नोंद देत नाही. बॉट लावायचाच असेल तर फक्त ‘माहिती हवी’ या अवस्थेवर लावा. गप्प राहिल्याची शिक्षा ज्याची पाळी होती त्यालाच.

मागण्यांचं प्रकरण वेगळं. व्हीएस कोड या कोड लिहायच्या ॲपची पद्धत स्वच्छ आहे: मागणी मान्य होण्याजोगी वाटली तर ती ‘बॅकलॉग कँडिडेट्स’मध्ये जाते, ६० दिवसांत २० जणांनी अंगठा दाखवला तर बॅकलॉगमध्ये (पुढे करायच्या कामांच्या यादीत), नाहीतर बंद. लाखो लोक वापरतात अशा प्रकल्पात अंगठ्यांना अर्थ असतो. तुमच्याकडे व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने दुवा टाकला की संध्याकाळपर्यंत २० अंगठे जमतील. त्यातून एवढंच कळेल की कोणाचा ग्रुप मोठा. मतदान ठेवू नका.

त्याऐवजी मागणी करणाऱ्याला विचारा, तुम्ही काय करत होता आणि कुठे अडलात? लोक उपाय मागतात, अडचण सांगत नाहीत. ‘श्रीलिपीचा पर्याय द्या’ अशी मागणी आली समजा. खोदून विचारलं तर कळतं, कार्यालयात जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या शेकडो फाइली आहेत आणि त्या युनिकोडमध्ये आणायच्या आहेत. हे कीबोर्डचं कामच नाही, वेगळ्या परिवर्तकाचं आहे. दुसऱ्याने तीच मागणी केली तेव्हा त्याला फक्त बोटांना सवय असलेली कळांची जुनी मांडणी हवी होती. हे मात्र तुमचंच काम. मथळा एकच, मागण्या दोन. पहिलीवर ‘नाही’, सोबत परिवर्तकाचा दुवा, दुसरीवर विचार.

‘नाही’ म्हणायला शिका आणि कारण लिहा. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतल्या मोठ्या बदलांसाठी पेप नावाचे दस्तऐवज असतात, आणि नाकारलेले पेपही यादीत कायम राहतात. लूपना (पुन्हा पुन्हा चालणारा कोड) नाव देऊन बाहेरच्या लूपमधून थेट निसटण्याची सोय मागणारा पेप ३१३६ पायथॉनचे जनक ग्वीडो व्हान रॉसम यांनी २००७मध्ये नाकारला. आजही कुणी ती कल्पना घेऊन आलं की त्याला तो पेप दाखवता येतो. वाद पहिल्यापासून घालावा लागत नाही. तुम्हाला पेपचा थाट नको. बंद केलेल्या इश्यूत चार ओळींचं कारण पुरे. मात्र ‘सध्या वेळ नाही’ हे कारण लिहू नका. वाचणारा त्यातून ‘नंतर होईल’ असंच ऐकतो. वेळ कधीच होणार नसेल तर तसं लिहा.

आणि ज्या गोष्टी खऱ्या आहेत, चांगल्याही आहेत, पण तिघांपैकी कुणी करणार नाही, त्यांचं काय? इथे मला कर्ल या इंटरनेटवरून माहिती आणणाऱ्या साधनाची रीत सगळ्यात पटते. त्यांच्या रेपोत (कोडच्या साठ्यात) दोन दस्तऐवज असतात, नोन बग्ज आणि टुडू. बग खरा आहे पण नजीकच्या काळात कुणी हात घालणार नाही असं दिसलं, की तो पहिल्या यादीत लिहितात आणि इश्यू बंद करतात. चांगली पण कुणी न घेतलेली कल्पना दुसऱ्या यादीत जाते. इश्यूंची उघडी यादी त्यामुळे ‘यावर सध्या काम चालू आहे’ एवढंच सांगते, आणि ‘आम्हाला ठाऊक आहे’ हे फाइल सांगते. नवखा माणूस काम शोधायला आला तर त्याला ती फाइल वाचायला मिळते. साडेतीनशेच्या यादीत तो बुडाला असता.

तुमच्या स्वतःच्या कामांची यादी याहून लहान हवी. पुढच्या आवृत्तीचा एक माइलस्टोन (गिटहबवरचा इश्यूंचा गट) करा आणि त्यात फक्त नाव लागलेले इश्यू घाला. नाव काढलं की इश्यू माइलस्टोनबाहेर. व्हीएस कोडवाले दर महिन्याचा आराखडाच एक इश्यू म्हणून उघडत आले आहेत, त्यात कामांपुढे करणाऱ्यांची नावं असत आली आहेत. ही पद्धत तिघांनाही जमण्यासारखी आहे. कोडमध्ये विखुरलेल्या ‘टुडू’ टिपणांना एक नियम लावा: शेजारी इश्यूचा क्रमांक नसेल तर पुल रिक्वेस्ट पुढे जाणार नाही. क्रमांक नसलेलं टुडू पाच वर्षांनी कुणालाच वाचता येत नाही, लिहिणाऱ्यालाही.

कॉलेजची मुलं ‘हे मी करू का?’ म्हणून येतील आणि एकेक जण पाच-पाच इश्यू घेऊन ठेवेल. त्यांना थांबवू नका, पण नाव लावायची वेळ बदला: मसुदा पुल रिक्वेस्ट उघडली की नाव लागेल, त्याआधी नाही. दोन आठवडे काही हललं नाही की एक प्रेमळ विचारणा, आणि मग नाव काढा. ‘गुड फर्स्ट इश्यू’ लेबल लावताना कोणती फाइल, कोणती चाचणी आणि झालं हे कसं ओळखायचं, या तीन गोष्टी लिहायला पाच मिनिटं देता येत नसतील तर ते लेबल लावू नका. सोपा दिसणारा, पण न समजावलेला इश्यू नवख्याला मेंटेनरपेक्षा जास्त छळतो.

व्हॉट्सॲप बंद करता येणार नाही, करूही नका. आठवड्याची पाळी लावा. ज्याची पाळी त्याने ग्रुपवरची खरी तक्रार ट्रॅकरवर न्यायची, बोलणाऱ्याचं नाव आणि नंबर न टाकता, आणि इश्यूचा दुवा ग्रुपवर परत टाकायचा. निर्णय मात्र ग्रुपवर घेऊ नका. तिथलं बोलणं चार दिवसांत वर सरकून गडप होतं आणि मग ‘आपलं तेव्हा ठरलं होतं’ यावरून तिघांचे तीन पाठ तयार होतात.

सुरक्षेबद्दल थोडक्यात, पण यात चालढकल नको. कीबोर्ड ॲपला माणसाचे पासवर्डसुद्धा दिसतात. अशा त्रुटीची नोंद उघड्या यादीत येता कामा नये. गिटहबवर खासगी नोंदीची सोय आहे ती चालू करा, रेपोत सुरक्षा धोरणाची फाइल ठेवा, आणि उत्तर कोण देणार ते आधीच ठरवा. हल्ली एआयने रचलेल्या, भारदस्त पण पोकळ सुरक्षा-नोंदीही येतात. कर्लचे डॅनियल स्टेनबर्ग त्याबद्दल जाहीरपणे वैतागलेले आहेत. चुकीचा निकाल कोणत्या पायऱ्यांनी पुन्हा घडवता येतो हे विचारलं की बहुतेक पोकळ नोंदी तिथेच गळतात.

डुप्लिकेटबाबत एकच: जुना तो मूळ, असं समजू नका. ज्याच्यात पुरावा चांगला तो उघडा ठेवा, बाकीचे त्याला जोडून बंद करा, आणि उरलेल्याचा मथळा नीट लिहा. ‘टायपिंग प्रॉब्लेम’ या मथळ्यामुळेच पुढचे डुप्लिकेट जन्माला येतात. ‘दऱ्या शोधल्यावर दर्या सापडतो’ असं लिहिलं तर पुढच्याला आपलाच बग आहे हे कळतं.

आता साडेतीनशेचा ढीग. सरसकट बंद करू नका, आणि सगळ्यांना एकच छापील संदेश तर मुळीच पाठवू नका. नव्याकडून जुन्याकडे जा, कारण नव्या नोंदी देणारी माणसं अजून आसपास आहेत आणि उत्तर देतील. एका इश्यूला दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त देऊ नका. त्या वेळात फक्त दोन गोष्टी ठरवा, जात कोणती आणि पाळी कोणाची. सोडवायला बसलात की संध्याकाळ संपली. जुन्या बगांपाशी पोचलात की आताच्या आवृत्तीत तपासा. होत नसेल तर ‘अमुक आवृत्तीत तपासलं, होत नाही’ असं लिहून बंद करा. तपासायला फोन किंवा फाँट हाताशी नसेल तर नोंदवणाऱ्याला विचारा. लिब्रेऑफिसचे क्यूएवाले (दर्जा तपासणारे) वर्षभर कुणी हात न लावलेल्या बगांबाबत हेच करत आले आहेत: ताज्या आवृत्तीत अजून होतं का, एवढंच विचारायचं. जुन्या मागण्यांतल्या बहुतेकांवर तुम्हाला मनातून उत्तर माहीत असतं. ते लिहा.

आणि ट्रॅकर न बदलण्याचं कारण. फायरफॉक्सवाल्या मोझिलाचा बगझिला हा ट्रॅकर १९९८पासून चालू आहे, म्हणजे साधन जुनं झालं म्हणून प्रकल्प मरत नाही. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाने २०१४मध्ये बगझिला सोडून फॅब्रिकेटर हा दुसरा ट्रॅकर घेतला; मराठी विकिपीडियासाठी तांत्रिक मागण्या करणाऱ्यांना ते ओळखीचं असेल. २०२१मध्ये फॅब्रिकेटरच्या मूळ कर्त्या कंपनीने त्याचा विकास थांबवला आणि पुढे फोर्ज नावाची शाखा निघाली. पायथॉनने २०२२मध्ये आपला राउंडअप या सॉफ्टवेअरवरचा ट्रॅकर गिटहबवर हलवला, आणि कमिट संदेशांत (कोडमधल्या प्रत्येक बदलासोबतच्या टिपणांत) विखुरलेले जुने क्रमांक हरवू नयेत म्हणून त्यांना खास तजवीज करावी लागली. त्यांच्याकडे ते निस्तरायला माणसं होती. तुम्ही तिघं स्थलांतरात दोन महिने घालवाल आणि साडेतीनशे इश्यू जसेच्या तसे नव्या घरी पोचतील. त्यापेक्षा आजपासून प्रत्येक कमिट संदेशात इश्यूचा क्रमांक टाका आणि ‘का’ हे एका ओळीत तिथेच लिहा. पुढेमागे गिटहब सोडावं लागलंच, तर रेपोसोबत ती ओळ तरी येईल.